हजेरीपटापासून नकाशापर्यंत : गावच्या हायस्कूलची नवी इमारत कशी आखावी

आमच्या हायस्कूलच्या बांधकाम समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा चहाच्या आधी नकाशा आला. कुणाच्या तरी ओळखीच्या इंजिनिअरनं काढून दिलेला. तीन बाजूंनी खोल्या, मधे ध्वजस्तंभ आणि पुढे भली मोठी कमान. कमानीवर कुणाचं नाव घालायचं यावर पाऊण तास गेला. मी त्या शाळेत बत्तीस वर्षं लिपिक होतो आणि समितीत मला घेतलं होतं ते इतिवृत्त लिहायला. कमान काही संपेना, म्हणून मी कपाटातून मागच्या पाच वर्षांचे हजेरीपट काढले आणि टेबलावर, नकाशाच्या वर ठेवले. पुढे जी इमारत उभी राहिली ती त्या हजेरीपटांतून निघाली.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. काळी माती, बेभरवशाचा पाऊस, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी घरं. तुमचं गाव कोकणात किंवा घाटाखाली असेल तर खालचे आकडे बदलतील. कामांचा क्रम मात्र तोच ठेवा, कारण तो चुकला की पैसा भलतीकडे जातो.

आधी ठरवा : पाडायची का?

‘इमारत जुनी झाली’ हे कारण नव्हे. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी तपासणी करून घ्या. नुसतं बघून ‘धोकादायक’ लिहिलेलं पत्र पुरत नाही. काँक्रीटची ताकद, आतल्या सळईचा गंज, भिंतींच्या भेगा कुठून कुठे गेल्यात, छपराचे वासे, पाया उघडून केलेली पाहणी, हे सगळं अहवालात हवं. प्रत्येक भागासाठी तीनपैकी एक शिफारस मागा : ठेवा, मजबूत करा, पाडा. सबंध इमारतीला एकच शिक्का मारू देऊ नका.

आमच्याकडे दोन भाग होते. सर्वांत जुन्या, काळ्या दगडाच्या, पत्र्याच्या खोल्या आणि नंतर बांधलेली स्लॅबची रांग. गावाचं मत होतं की दगडी खोल्या पाडा, स्लॅब चांगला आहे. अहवाल उलटा आला. स्लॅबमधली सळई गंजून फुगली होती आणि छताचे पापुद्रे पडत होते. दगडी भिंती सिमेंटच्या मसाल्यात होत्या आणि शाबूत होत्या.

आमच्या भागात दगडाची भीती का आहे हे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. वेळ पहाटेची होती म्हणून वर्ग रिकामे होते. तेव्हा घरं कोसळली त्यात दोष दगडाचा नव्हता. भिंती जाड, पण मातीच्या चिखलात रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नाहीत. आणि डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, टनावारी ओझं. आरपार दगड असतील, मसाला चांगला असेल, लिंटलच्या (दार-खिडक्यांवरच्या तुळईच्या) आणि छपराच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा सगळीकडून बांधून घेतला असेल तर दगडी खोली टिकते. आम्ही तीन दगडी खोल्या पट्टे घालून मजबूत केल्या. तिथे आता वाचनालय, कार्यालय आणि दप्तरखाना आहे. जी इमारत पाडावी लागली नाही, तिच्यासाठी सिमेंट, वाळू, डिझेल काहीच लागलं नाही. पर्यावरणपूरक शाळेचा सगळ्यात स्वस्त भाग हाच.

हजेरीपट वाचायचा कसा

मोठा कागद घ्या. आडवे जून ते एप्रिल, उभे पाचवी ते दहावी. मुलं आणि मुली वेगळ्या रंगानं. जनरल रजिस्टरवरून (प्रवेशाच्या नोंदवहीवरून) प्रत्येक विद्यार्थ्याची वाडी-वस्ती शोधा आणि गैरहजेरीचे दिवस त्या त्या घरात टाका. पाच वर्षांचं काम दोन शिक्षक आणि एक लिपिक आठवडाभरात उरकतात. मग कागद भिंतीला लावून चार पावलं मागे या.

आम्हाला पाच खड्डे दिसले. नोव्हेंबर ते मार्च ठरावीक घरांची मुलं गायब, म्हणजे ऊसतोड. आठवी ते दहावीच्या मुली आलटूनपालटून महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर, म्हणजे पाळी आणि शाळेतलं पाणी नसलेलं शौचालय. जुलै-ऑगस्टमध्ये एकाच वस्तीची सगळी मुलं एकाच दिवशी नाहीत, म्हणजे ओढ्याला पाणी. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी एसटीनं येणारे कमी, कारण पहिली गाडी उशिरा येते. आणि मार्चनंतर मुलींची हजेरी मुलांपेक्षा जास्त घसरते, कारण घरचं पाणी भरायचं असतं.

यातल्या एकाही खड्ड्याला कमान हे उत्तर नव्हतं.

एकत्र नको, वेगवेगळं बसा

ग्रामसभेत विषय ठेवा, ठराव घ्या, ते लागतंच. पण ग्रामसभेत तीन माणसं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. खरी माहिती लहान बैठकांत मिळते. नववी-दहावीच्या मुलींशी फक्त शिक्षिका बोलतील. आयांची बैठक दुपारी, रानातून आल्यावर. शिपाई, सफाई करणाऱ्या बाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांची वेगळी. एसटीच्या चालक-वाहकाला गाडी थांबलेली असताना पाच मिनिटं गाठा.

प्रश्न ‘तुम्हाला काय हवंय?’ असा विचारू नका. उत्तर येतं : ‘मोठा हॉल, एसी, लिफ्ट.’ त्याऐवजी विचारा, ‘काल शाळेत आल्यापासून जाईपर्यंत कुठे कुठे गेलीस, कुठे थांबलीस, कुठे जायचं टाळलंस?’ एका मुलीनं सांगितलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे शौचालयाला जावं लागत नाही. दुसरीनं सांगितलं की शाळा पाचला सुटते, गाडी सव्वासहाला येते आणि मधला वेळ त्या पाचजणी पानटपरीसमोर उभ्या असतात. स्वयंपाकाच्या ताई म्हणाल्या, ‘भाऊ, उंबरा काढा. उकळतं पातेलं घेऊन उंबरा ओलांडायचा असतो.’ नकाशात असली वाक्यं कोणी लिहीत नाही. तुम्ही वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर ‘इमारतीत याचं उत्तर कुठे?’ असा रकाना ठेवा. तो रकाना भरल्याशिवाय नकाशावर सही करू नका.

खोल्यांची गोळाबेरीज

पटसंख्या मागच्या पाच वर्षांची आणि भोवतालच्या प्राथमिक शाळांच्या पहिली ते चौथीच्या पटाची मांडा. पुढची चार वर्षं त्यातच दिसतात. मोठ्या मनानं जास्त खोल्या बांधू नका. रिकाम्या खोलीलाही रंग, झाडू आणि छपराची दुरुस्ती लागते. जास्तीच्या खोल्यांऐवजी पाया आणि कॉलम असे ठेवा की पुढे एक मजला चढवता येईल.

आमचा पट सव्वाचारशेच्या आसपास. बारा वर्गखोल्या धरल्या. प्रयोगशाळा एकच, पण मोठी, दोन्ही बाजूंनी दार असलेली. तिच्या एका भिंतीला ओटा आणि नळ, म्हणजे शास्त्राच्या तासाबरोबर व्यवसाय शिक्षणाचे तासही तिथेच होतात. संगणक कक्ष वेगळा.

खरा विचार तीन जागांवर केला. पहिली, फाटकाजवळची वाचनाची खोली. तिचं दार रस्त्याकडे उघडतं, आत बाक, दिवा, पंखा, शेजारी मुलींचं एक शौचालय. मानव विकास मिशनची मुलींसाठीची निळी बस असो की साधी एसटी, गाडी दिसेपर्यंत मुली आत बसतात आणि खिडकीतून रस्ता दिसतो. मुख्य इमारतीला कुलूप लावून शिपाई घरी जाऊ शकतो. दुसरी, बहुउद्देशीय दालन. तिथे दिवसा प्रार्थना, परीक्षा, मतदान. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्यावर गेलेल्या मुलांच्या मुक्कामाची सोय करायची झाली तर तेच दालन वापरता यावं, म्हणून त्याला लागून न्हाणीघरं, सामानाची कपाटं आणि स्वयंपाकघराला जोडणारी पडवी. मुलामुलींचा मुक्काम एकाच छताखाली ठेवायचा नसतो, तेव्हा दोन वेगळे दरवाजे आणि मधे कायमची भिंत आधीच धरा. तिसरी जागा म्हणजे मैदान. पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं-पोरी धावायला येतात; मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. २०० मीटरची धावपट्टी बसली तर आठ आणि चार फेऱ्यांचा हिशोब सरळ होतो. मैदानाचं फाटक आणि नळ इमारतीपासून वेगळे ठेवले, की शाळा न उघडता गावाला मैदान मिळतं.

दालन लग्नाला द्यायचं का, यावर आमच्याकडे भांडण झालं. माझं मत विरोधात होतं आणि आहे. भाडं मिळतं, पण सोमवारी सकाळी पत्रावळी उचलायला आठवीची पोरं लागतात.

जागा : फुकटची असेल तर जास्त तपासा

गावाबाहेर दोन किलोमीटरवर कुणी जमीन दान देतो आणि समिती हरखून जाते. किल्लारीनंतर आमच्या भागात ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं. नव्या गावठाणांत रस्ते रुंद, घरं लांबलांब. शेजार तुटला, चालणं वाढलं, हे त्या गावांतली माणसं आजही बोलून दाखवतात. शाळा दूर नेली की पहिल्यांदा मुलींची हजेरी उतरते. शक्य असेल तर जुनीच जागा धरा. नवीन घ्यावीच लागली तर दहावीच्या दोन मुलींबरोबर संध्याकाळी साडेपाचला, डिसेंबरात, त्या रस्त्यानं चालून बघा.

बाकीचं पटकन : सातबारा शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर आहे ना, ओढ्याची पूररेषा कुठून जाते, डोक्यावरून उच्चदाबाची तार नाही ना, हमरस्त्यावर थेट फाटक उघडत नाही ना. संस्था सार्वजनिक न्यास असेल आणि जमीन विकायची किंवा बदलायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शाळेचं ठिकाण बदलायचं तर शिक्षण विभागाची वेगळी.

काळी माती हलते

आमच्या भागातल्या इमारतींना भेगा पडतात त्यातल्या बऱ्याच भूकंपानं नव्हे, मातीनं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळेच्या जोत्याखालीही तेच चाललेलं असतं. हा ओल-सुकीचा खेळ वरच्या साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो.

म्हणून माती परीक्षण हे पहिलं बिल. दोन ठिकाणी नव्हे, इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मधे खड्डे घ्या. शंभर फुटांत मुरूम वरखाली होतो. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर पाया तिथपर्यंत न्या. खोल असेल तर तळाशी फुगीर खुंट घेऊन त्यावर बीम टाकतात. इंजिनिअर त्याला अंडररीम्ड पाइल म्हणतात. बीमच्या खाली मातीला फुगायला थोडी पोकळी ठेवायची असते, ती मजूर भरून टाकतात. तिथे स्वतः उभं राहा. जोत्यातली काळी माती उपसून मुरूम थराथरानं, पाणी मारून, दाबून भरा. सगळी माती बाहेर टाकू नका, ती बागेला लागेल. इमारतीभोवती चार फुटांचा पक्का उतार ठेवा आणि झाडं भिंतीला चिकटून लावू नका.

भूकंपाचा हिशोब

१९९३ मध्ये आमचा परिसर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. तुमच्या इंजिनिअरला दोन गोष्टी लेखी विचारा. एक, आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे शाळेसाठी दीडपट महत्त्वगुणक धरला आहे का? साध्या घरापेक्षा शाळा दीडपट जोराला हिशोबायची असते आणि नेमकं हेच विसरलं जातं. दोन, सळईची बांधणी आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या मानकाप्रमाणे आहे का?

जागेवर तुम्हालाही दोन गोष्टी बघता येतात. कॉलमच्या रिंगचं टोक आत, १३५ अंशात वळलेलं हवं. काटकोनात मुडपलेली रिंग धक्क्यात उघडते. दुसरं, पडवीच्या कॉलमला अर्ध्या उंचीची भिंत चिकटवली की कॉलम मोकळा राहतो तेवढाच तुटतो. कठडा हवाच, पण भिंत आणि कॉलम यांत सांधा ठेवा किंवा लोखंडी कठडा करा. आणि पाणी मारणं. बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं, त्याला किमान दहा दिवस ओल लागते. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या भरवशावर स्लॅब टाकू नका.

ऊन आणि वारा

इमारत लांबीला पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे खिडक्या उत्तर-दक्षिण येतात. आमच्याकडे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेला ४८ अंशांवर उतरतो. याचा अर्थ असा : दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन आत येत नाही आणि थंडीत थोडं कोवळं ऊन येतं. त्याहून सोपं, दक्षिणेला आठ फुटांची पडवी घ्या. फळा पूर्वेच्या भिंतीला, उजेड मुलांच्या डाव्या हातानं, उत्तरेच्या खिडक्यांतून.

पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको. तिथे जिना, भांडार, क्रीडासाहित्य. काही नकाशांत पश्चिमेला शौचालयं टाकतात, ऊन अडतं म्हणून. पण पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि वास थेट वर्गात. शौचालयं पूर्वेला.

खिडकीच्या वर, छताजवळ झरोके ठेवा. गरम हवा तिथून जाते. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, नाहीतर दरवर्षी चुना. वर्गखोल्यांना पत्रा नकोच. उन्हात भट्टी आणि पावसात शिकवलेलं ऐकू येत नाही.

पाणी : छप्पर म्हणजे एक आगगाडी

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, एकूण पाच लाख लिटर. आता शाळेचा हिशोब करा. छप्पर १,००० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, गळती-उडणं वजा करून ऐंशी टक्के हाती : ५ लाख ६० हजार लिटर. म्हणजे तशी एक आगगाडी दर पावसाळ्यात आपल्या गच्चीवरून वाहून ओढ्याला जाते. हा हिशोब मी समितीत फळ्यावर मांडला, त्या दिवशी कमानीचे पैसे टाकीकडे वळले.

सगळं पाणी साठवायला जाऊ नका, टाकीच इमारतीएवढी होईल. पिण्याला आणि हात धुण्याला माणशी पाच लिटर धरले तर ४२० मुलांना रोज २,१०० लिटर. दहा बाय पाच बाय दोन मीटरच्या टाकीत एक लाख लिटर मावतात. शाळेचे ४७ दिवस निघतात. मार्च-एप्रिलचा बिकट काळ तेवढ्यात सरतो. उरलेलं पाणी गाळून बोअरभोवतीच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडा. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढणारी तोटी नळाला हवीच. वर्षभराची कबुतरांची घाण त्यात असते. टाकीला झाकण, कुलूप, जाळी, आणि आत उतरायला कायमची शिडी.

हात धुतलेलं पाणी शोषखड्ड्यात नव्हे, झाडांना. आम्ही कडुलिंब, करंज आणि शेवगा लावला. शेवगा पोषण आहाराच्या आमटीत जातो.

शौचालय : आकडेमोड सुट्टीची करा

चाळीस मुलींमागे एक, असा हिशोब सगळे सांगतात. तो पुरत नाही, कारण मुली दिवसभर विखरून जात नाहीत, मधल्या दहा मिनिटांत जातात. दोनशे मुलींपैकी शंभर गेल्या, प्रत्येकीला दोन मिनिटं, तर एका शौचालयात पाचजणी होतात. म्हणजे वीस हवीत. एवढी कोण बांधणार? आम्ही वेळापत्रक मोडलं : पाचवी ते सातवीची छोटी सुट्टी एका तासानंतर, आठवी ते दहावीची पुढच्या तासानंतर. गरज निम्म्यावर आली. वेळापत्रक हाही बांधकामाचाच भाग आहे आणि त्याला सिमेंट लागत नाही.

प्रत्येक शौचालयात नळ, दाराला आतून कडी, दप्तर टांगायला खुंटी, पॅड टाकायला झाकणाचा डबा. एका खोलीत आरसा, साबण आणि कपडे बदलायची जागा. दारापुढे आडभिंत हवी, पण रस्ता असा की शिक्षक-खोलीच्या खिडकीतून दिसावा. मुलांची शौचालयं पूर्वेलाच, पण मुलींच्यापासून अंतर राखून. एक शौचालय चाकाच्या खुर्चीचं, आधाराच्या दांड्यांसह. त्याला भांडार करून टाकू नका. रॅम्प बारा फुटांना एक फूट चढ, याहून उभा नको.

आग, जिने, स्वयंपाकघर

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. बाहेर पडायची वाट अरुंद होती. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या सुरक्षिततेबद्दल आदेश दिले. तेव्हा स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून सुटं, छप्पर न पेटणारं, सिलिंडर बाहेरच्या जाळीत. मजला असेल तर जिने दोन, दोन टोकांना, रुंदी किमान दीड मीटर. वर्गाचं दार बाहेर उघडणारं. खिडकीच्या गजांत एक भाग बिजागरीचा ठेवा. जिन्याखाली बाकांचा ढीग रचायची सवय आपल्या सगळ्या शाळांना आहे. तिथे आधीच काहीतरी पक्कं बांधून टाका.

आणि हो, उंबरा काढला.

वीज

आधी खर्च कमी, मग सौर. साधा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बारा वर्गांचे पंखे-दिवे, संगणक कक्ष आणि पंप मिळून आमचा भार पाच किलोवॉटवर आला. पाच किलोवॉटला गच्चीवर सुमारे ५० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला साधारण वीस युनिट मिळतात. महावितरणकडून नेट मीटर (जादा वीज त्यांच्या तारेत देऊन हिशोबात जमा करणारं) घ्या, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतली वीज वाया जात नाही. बॅटरी फक्त वाचनाच्या खोलीपुरती. सौर पाट्या पुसायला गच्चीवर नळ हवा, नाहीतर धुळीनं वीज घटते.

पाडकाम, आणि तोवर शाळा कुठे?

सगळं एकदम पाडू नका. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली की पहिली रांग पाडा, पावसाच्या आत पाया जोत्यापर्यंत आणा. दहावीचे वर्ग कधीही हलवू नका. फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा आणि तिचं केंद्र जपायचं असतं. बाकीचे दोन पाळ्यांत बसवा, पण एसटीचं वेळापत्रक हातात घेऊन पाळ्या ठरवा. मुलं असताना बांधकामाच्या बाजूला पत्र्याची सलग आडभिंत हवी आणि ट्रकला वेगळं फाटक.

जुन्या इमारतीचं साहित्य मोजून यादी करा : घडीव दगड, सागाची दारं, लोखंड, शहाबादी फरशी. दगड कुंपणाला आणि जोत्याला, फरशी पडवीला. नवीन विटा परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या मिळाल्या तर भाजलेल्या विटांचं सरपण वाचतं. पण पाण्यात भिजवून, आपटून बघून घ्या. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर सावध. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे, मजुरांना चांगले मास्क द्यायचे, आणि गोठ्याला म्हणून कुणालाही वाटायचे नाहीत.

पैसा आणि कागद

इथे मी लांबण लावत नाही. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर करा, म्हणजे आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी, सगळीकडे तोच कागद चालतो. देणगीदार खोलीला पैसे देतो, टाकीला आणि माती परीक्षणाला देत नाही. म्हणून लोकवर्गणी जमिनीखालच्या कामांसाठी राखून ठेवा. जिल्हा परिषदेची इमारत असेल तर पाडण्याआधी निर्लेखनाचा, म्हणजे इमारत दप्तरातून कमी करण्याचा, आदेश हवा. मोजमाप पुस्तिकेच्या नोंदी आणि फोटो रोजच्या रोज. एका टप्प्यावर आमच्या ठेकेदारानं जोत्यात मुरूम भरल्याचं बिल लावलं होतं आणि माझ्या फोटोत ती काळी माती होती. बिल परत गेलं.

ताबा घेताना

ताबा उन्हाळ्यात घेऊ नका. घेतलाच तर ठेव सोडू नका. एक पूर्ण पावसाळा इमारतीनं काढला की मग सुरक्षा ठेव द्यायची. दोषदायित्वाची मुदत, म्हणजे निघालेले दोष ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत, करारात स्पष्ट लिहा. किल्ल्या, विजेच्या आणि नळाच्या वाटा दाखवणारा नकाशा, पंपाची वॉरंटी आणि टाकी धुण्याची पद्धत एका फाईलमध्ये घालून ती मुख्याध्यापकांच्या नव्हे, कार्यालयाच्या कपाटात ठेवा. मुख्याध्यापक बदलतात. दरवर्षी मे अखेरीस पन्हळ साफ करणं आणि जूनमध्ये गच्ची तपासणं यांच्या तारखा वार्षिक नियोजनातच टाका. त्यासाठी थोडी ठेव बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवली, की दरवेळी वर्गणी काढावी लागत नाही.

नव्या इमारतीचं एक वर्ष झालं की तोच मोठा कागद पुन्हा काढा आणि तेच रकाने भरा. आमच्याकडे मुलींच्या महिन्यातल्या दिवसांचा खड्डा बराच भरला. शनिवारचा भरला नाही, पण तो आगारात अर्ज देऊन सुटण्यासारखा आहे. ऊसतोडीचा थोडा भरला. काही आईवडील अजून पोरांना मागे ठेवायला तयार नाहीत. जुलै-ऑगस्टचा मात्र तस्साच आहे. त्या वस्तीची मुलं ओढ्याच्या पलीकडे उभी राहतात आणि परत जातात. शाळा कशीही बांधली तरी ओढा शाळेच्या हद्दीबाहेर आहे. त्या कागदाची एक प्रत नळकांडी पुलाच्या मागणीला जोडून आम्ही पंचायत समितीत दिली आहे. दर सोमवारी मी तिकडे चक्कर मारतो. फाईल सध्या बांधकाम शाखेत आहे.